अकरा बायका आणि एक अपडेट

१७ डिसेंबर २०२५, बुधवार

ही डायरी विम्याच्या एजंटाने माझ्या बायकोला, निशाला, जानेवारीत दिली होती. वर्ष सरत आलं तरी कोरीच. आज तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "राग आला की यात लिहा. घरात काढू नका." कारण सकाळी मी माउस भिंतीवर फेकला आणि तो उडून आत्याच्या मेथीच्या परातीत पडला. मेथीतून चाचपून तिने तो काढला, पदराला पुसला आणि माझ्या आवाजाच्या दिशेने पुढे केला.

तर राग का आला ते लिहितो. मी हलती अक्षरं आणि हलती चित्रं करतो. लग्नाच्या हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर नवरा-नवरीची नावं गुलाबातून उगवतात ना, ते पाप माझं. बारा वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर हात बसलाय. आज त्या कंपनीचा निरोप आला: तुमची जुनी आवृत्ती ३१ डिसेंबरनंतर उघडणार नाही, नवी घ्या, आपल्या अधिक सुखद अनुभवासाठी. अरे, सुख माझं आणि ठरवणार तुम्ही? सुताराच्या हातातला रंधा असा कोणी काढून घेत नाही.

आणि वेळ कोणती साधली! १४ जानेवारीला नामविस्तार दिन. विद्यापीठाच्या गेटासमोर आमच्या वस्तीतल्या वाचनालयाचा स्टेज असतो. यंदा तिथल्या पडद्यावर माझी सात मिनिटांची फिल्म लागायची आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून सत्याग्रह केलेल्या आणि त्यापायी हर्सूलच्या तुरुंगात अठरा दिवस काढलेल्या अकरा बायकांची. त्यातली एक माझी आत्या, चंपाबाई. तेव्हा पंचविशीची होती, आता बाहत्तरची आहे. बाकी दहाजणी गेल्या. फोटो एकीचाही नाही. आवाज आत्याचा, चित्रं माझी.

अकराजणी मी आधी अंदाजाने कागदावर काढल्या आणि तिला दाखवल्या. तिने प्रत्येक कागद नाकाशी धरला आणि म्हणाली, "बरोबर हाय." एकही दुरुस्ती नाही. असं गिऱ्हाईक मला बारा वर्षांत मिळालं नव्हतं.

२० डिसेंबर, शनिवार

या सॉफ्टवेअरला मराठी कधीच कळली नाही. अक्षरं एकेक करून आण म्हटलं की अकराजणींतल्या 'पारूबाई'तला काना एका कोपऱ्यातून येतो आणि उकार दुसऱ्यातून, नंतर सगळे एकमेकांना शोधत बसतात. म्हणून मी प्रत्येक अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट हाताने कापतो. आधी नुसती शिरोरेषा ओढली जाते, डावीकडून उजवीकडे, किंचित थरथरत, कोणीतरी खडूने ओढावी तशी. मग तिच्याखाली अक्षरं एकेक उतरतात. एका नावाला एक अख्खा दिवस जातो. या शहरात असं दुसरं कोणी करत नाही, हे मी गर्वाने लिहितो.

ती थरथर एका जुन्या प्लगिनची. प्लगिन म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचा छोटा तुकडा. तो लिहिणारा माणूस कधीच धंदा सोडून गेला. आज नवी आवृत्ती चढवून पाहिली. प्लगिन गायब. रेघ आली ती पट्टीने ओढल्यासारखी, निर्जीव. चिडून फाइल जतन केली आणि कपाळावर हात मारला. नव्यात एकदा जतन झालेली फाइल जुन्यात उघडतच नाही. मागे फिरायला वाटच ठेवलेली नाही हरामखोरांनी.

कंपनीच्या मदतकक्षाशी बोललो. तिथे माणूस नाही, यंत्र आहे. 'आपली निराशा आम्ही समजू शकतो' असं त्याने मला चार वेळा सांगितलं. किळस आली. निराशा समजणारं यंत्र बनवायला यांना सवड आहे, माझी रेघ थरथरवायला नाही.

मी वरच्या खोलीत काम करतो. आत्या खालून विचारत होती, "माझा आवाज तरी ऱ्हायलाय न्हवं?" आवाज आहे म्हटलं. आवाजाला काय होतंय.

२२ डिसेंबर, सोमवार

आत्याला आज डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. नंबर निशाने लावलेला. ती फुलंब्रीच्या शाळेत शिकवते, तिच्या शाळेचं आज स्नेहसंमेलन, म्हणून काम माझ्याकडे. निघणार तेवढ्यात बद्रीनाथचा फोन. बद्रीनाथ टीव्ही सेंटर भागात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. नवी आवृत्ती चढवल्यापासून माझं मशीन रखडत होतं, म्हणून त्याला विचारून ठेवलं होतं. म्हणाला, मशीन घेऊन आत्ता या, दुपारनंतर मी गावाला चाललो.

आत्याच म्हणाली, "जा तू. मोतीबिंदूच तर हाय. पिकू दे की. कच्चा काढत न्हाईत."

तेही खरं. आजीचाही पिकल्यावरच काढला होता. आमच्याकडे सगळ्यांचे पिकवूनच काढतात. २९ तारीख घेतली.

बद्रीनाथने मशीन उघडलं, आत फुंकर मारली आणि निकाल दिला. "संघपालभाऊ, नये सॉफ्टवेअर कू नया सिस्टम होना. नये सिस्टम कू नया बोर्ड होना. नये बोर्ड कू नया कार्ड होना."

"आणि मला?"

"आप कू सबर होना."

२५ डिसेंबर, गुरुवार

नवं मशीन आलं. जुन्याला काहीही झालेलं नव्हतं. धडधाकट माणसाला घराबाहेर काढून खाटेवर दुसरा आणून झोपवावा, तसं वाटलं.

खोकी पॅसेजमध्ये ठेवली. आत्या त्यांच्यावर दोनदा आदळली, डाव्या नडगीला चांगलंच खरचटलं. तळहाताएवढ्या कार्डाला ट्रंकेएवढं खोकं लागतं यांना! आत नुसता थर्माकोल. या कंपन्यांनी माझं काम नासवलं ते नासवलं, आता घरातली म्हातारी माणसंही पाडायला निघाल्या.

निशा हळद लावत म्हणाली, "एवढं मोठं खोकं आत्याबाईंना दिसलं कसं नाही?"

पॅसेजमध्ये उजेड कमी असतो म्हटलं. तिने घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे बारा वाजले होते. पण तिला प्रत्येक गोष्टीत माझी चूक काढायची सवयच आहे.

२८ डिसेंबर, रविवार

आज कितीतरी दिवसांनी काहीतरी चांगलं घडलं.

दिवेलागणीला आत्या चहा घेऊन वर आली. निम्मा बशीत सांडलेला. बसली आणि माझ्या टेबलावरच्या बल्बकडे बघत म्हणाली, "ह्याच्याभवती रंगाचं कडं दिसतंय बघ. सात रंगांचं. लई झ्याक."

मी उडालोच. फिल्ममध्ये बराकीत एक उघडा बल्ब टांगलेला आहे, तो पहिल्यापासून मला बोडका वाटत होता. त्याच्याभोवती सप्तरंगी कडं! बाई बाहत्तर वर्षांची आणि नजर चित्रकाराची. मी तिथल्या तिथे करायला घेतलं. नव्या आवृत्तीत प्रकाशाचं बटण कुठे दडवलंय ते शोधण्यात तासभर गेला, तरी कडं जमलं. आधी बल्ब पेटतो, मग आतून बाहेर रंग उमलत जातात.

"आयडिया तुझी आहे, आत्या. नाव टाकू का तुझं?"

ती हसली. "घे तू. मला रोजच दिसत्यात."

उद्याचा दवाखान्याचा नंबर मात्र पुढे ढकलला. कडं उमलताना मध्येच झटका घेतंय, ते नीट केल्याशिवाय उठवत नाही. ५ जानेवारी घेतली. निशाला अजून सांगितलेलं नाही.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

जुनी आवृत्ती बंद झाली. उघडायला गेलो तर 'नव्या प्रवासात आपलं स्वागत' म्हणे. स्मशानाच्या दारात रांगोळी घालणारी जात ही.

डायरीतल्या छापील तारखाही संपल्या. आता मागच्या जानेवारीच्या कोऱ्या पानांवर खाडाखोड करून लिहितोय.

३ जानेवारी, शनिवार

थरथर हाताने करायचं ठरवलं. प्रत्येक शिरोरेषेची बारा चित्रं, अशी अकरा नावं. मानेत गोळा आलाय. पण पहिल्या तीन नावांची रेघ पुन्हा जिवंत झाली. कंपनीच्या नाकावर टिच्चून.

आत्याला वर बोलावलं आणि पारूबाईचा भाग लावला. तुरुंगाचं दार उघडतं, अकराजणी आत जातात, पारूबाई सगळ्यात पुढे. पांढऱ्या रेघा, मागे राखाडी, दुसरा रंग नाही.

आत्या शेवटपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "लई चांगलं केलंस. पारूबाईचं निळं लुगडं शोभतंय."

म्हटलं, आत्या, लुगडं निळं नाहीये, नुसती रेघ आहे.

ती जरा गडबडली. "व्हय व्हय. पर निळंच व्हतं ते."

आलं लक्षात. गिऱ्हाईक असंच बोलतं. करून हवं असतं, पण तोंडाने मागायचं नसतं. शेवटी आत्याही गिऱ्हाईकच निघाली! मी जरा तडकलो. म्हटलं, आधी सांगायला काय होतं, आता अकरा दिवस राहिलेत. ती "ऱ्हाऊ दे रं, ऱ्हाऊ दे" म्हणत भिंत धरून खाली गेली. वाईट वाटलं. म्हणून लुगडं निळं करायला घेतलं. चालणाऱ्या बाईच्या लुगड्यात रंग भरणं म्हणजे प्रत्येक चित्रात नव्याने भरणं. गेले माझे तीन दिवस.

५ जानेवारी, सोमवार

पहाटेपासून आत्याचं डोकं ठणकतंय. दोनदा उलटी झाली. पित्त असणार. काल वांग्याची भाजी खाल्ली होती. गोळी दिली, दुपारपर्यंत पडून राहिली. अशा अवस्थेत तिला डोळ्यांच्या दवाखान्यात कुठे नेणार? नंबर पुन्हा पुढे गेला. संध्याकाळी निशा आली आणि आमचं वाजलं.

"तीन वेळा नंबर चुकवलात तुम्ही. तीन वेळा!"

"चौदा तारीख होऊ दे. पंधराला मी स्वतः नेतो."

"तुम्ही आत्याबाईंना नीट बघितलंय का या महिन्यात?"

हा काय प्रश्न झाला? दिवसभर मी दुसरं काय बघतोय? तिचंच पंचविशीतलं तोंड माझ्या पडद्यावर असतं, नखाएवढी चूक दिसली तर मी पुन्हा काढतो.

आत्या आतून म्हणाली, "भांडू नका गं. पंधराला जाऊ. तवर काय डोळं पळून चाललेत व्हय?"

९ जानेवारी, शुक्रवार

सॉफ्टवेअर आज पाच वेळा बंद पडलं. प्रत्येक वेळी विचारतं, 'काय घडलं ते आम्हाला सांगाल का?' पहिल्या वेळी नीट लिहिलं. पाचव्या वेळी जे लिहिलं ते इथे उतरवण्यासारखं नाही.

निळं लुगडं झालं. आत्याला दाखवायला वर बोलावलं. तिच्यासाठी मोठा मॉनिटर तिच्यासमोर वळवून ठेवला, मी माझ्या लहान पडद्यावर अक्षरं तपासत राहिलो. तिने सबंध भाग बघितला. शेवटी डोळे पुसले. "रंग लई सुरेख बसला," म्हणाली. माझे कष्ट वसूल.

ती गेल्यावर पाहिलं तर मोठ्या मॉनिटरची वायरच निघालेली. पडदा काळा. म्हणजे तिने तिरकं होऊन माझ्या लहान पडद्यावर बघितलं असणार. बिचारी बोललीही नाही. वायर घट्ट करून टाकली.

१२ जानेवारी, सोमवार

पित्त, मान, डोळे. माझे. कंपनीने आज आणखी एक अपडेट सोडलं. घेतलं नाही. मशीनची इंटरनेटची वायर उपटून खिशात घातली.

१३ जानेवारी, मंगळवार

झाली. सात मिनिटं चार सेकंद. अकरा नावं, अकरा रेघा, सगळ्या थरथरतात. कडं न अडखळता उमलतं. पेनड्राइव्ह दोन घेतलेत. वाचनालयाच्या पोरांनी आत्याला पहिल्या रांगेत मधली खुर्ची ठेवलीय.

शर्यत मी जिंकलो. निशाला म्हटलं तर ती म्हणाली, "कोणाशी होती?"

१५ जानेवारी, गुरुवार

कालचं लिहायला हात होत नाही. पण लिहितो.

गेटासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुस्तकांचे स्टॉल, पांढरे कपडे, निळे झेंडे. सातच्या सुमारास आमचं सुरू झालं. मी बाजूला कंट्रोलच्या टेबलाशी उभा होतो. स्टेजच्या डाव्या हाताला पडदा, उजव्या हाताला स्पीकरची चळत. अंधार झाला. सुरुवातीचे दहा सेकंद मी मुद्दाम मुके ठेवलेत, फक्त तुरुंगाची भिंत दिसते. मग आत्याचा आवाज आला, "आमी अकराजनी व्हतो."

आणि आत्याने मान उजवीकडे वळवली. स्पीकरकडे.

मला वाटलं, आवाज मोठा वाटला असेल, वळेल परत. पारूबाई आली, निळं लुगडं आलं, लोक "जय भीम" म्हणाले. आत्याचं तोंड स्पीकरकडेच. बल्ब पेटला, कडं उमललं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती स्पीकरकडे बघून हसत होती. मी टेबलावरून ओरडलो, "आत्या, इकडं! पडदा इकडं!" लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ती सोडून सगळ्यांनी पाहिलं. तिने फक्त मान हलवली, "व्हय व्हय" म्हणाली, आणि तोंड उजवीकडेच ठेवलं.

नंतर निशाने सांगितलं, मुक्या दहा सेकंदांत आत्याने तिला दोनदा विचारलं होतं, "लागली का गं?"

माझ्या खांद्यावर थापा पडत होत्या. कोणीतरी गळ्यात हार घातला. मला तो हार ओल्या फडक्यासारखा लागत होता. शिसारी आली, आणि या खेपेला कंपनीची नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू आहे. डॉक्टरबाईंनी दोन्हीतला फरक मला तीन वाक्यांत सांगितला. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. आणि तो पिकायची वाट बघायची नसते.

उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्यात दाराच्या फटीएवढं उरलंय, तेही थेंब घालून, दाब उतरवून टिकलं तर टिकेल.

"डोकं दुखून उलट्या झाल्या होत्या का?" हो. "दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात असं काही बोलल्या होत्या?"

मी काय सांगणार? बोलली होती. मी त्याची सात सेकंदांची फिल्म केली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी नुसतं हो म्हटलं.

"तेव्हाच आणलं असतं तर बरंच वाचलं असतं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सबंध रस्ताभर रिक्षात आत्याच मला समजावत होती, "उमर झाली रं. जायचेच व्हते डोळं."

१८ जानेवारी, रविवार

काल काही लिहिलं नाही. मशीन सुरू केलं नाही.

आज सकाळी थेंब घातले. डोळे मिटून आत्या म्हणाली, "आता फिलीम सांग मला. पहिल्यापासून. कोण कोण कसं दाखवलंस?"

सांगायला बसलो. आधी भिंत, मग दार, मग दारातून पहिली पारूबाई. बुटकी, जाडजूड, पदर कमरेला खोचलेला.

"पारूबाई?" आत्याने डोळे उघडले. "न्हाई रं. पारूबाई लई उंच. बराकीच्या दारातनं वाकून जायची ती."

म्हटलं, मग भागूबाई. म्हातारी, काठी टेकत चालणारी.

"भागूबाई म्हातारी कुठली? सोळा वर्साची पोर. आईसाठी रडायची राती."

वच्छलाबाईच्या कपाळावरचं कुंकू चुकलं, कडेवरचं मूल चुकलं. तिला मूलच नव्हतं. एकेक करत अकरापर्यंत गेलो. आठजणी चुकीच्या निघाल्या. कागदावर चुकल्या, रेघेत चुकल्या, रंगात चुकल्या, आणि गेटासमोर भिंतीएवढ्या मोठ्या करून मी त्या लोकांना दाखवल्या. त्यांना ओळखणारं माणूस या जगात एकच उरलं होतं. त्या माणसाला मी तीन वेळा दाखवून विचारलं, आणि ते तिन्ही वेळा बरोबर आहे म्हणालं.

मला माझीच इतकी घाण वाटली की उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत येऊन तिच्या पायाशी बसलो.

"आत्या, दिसत नाही हे तू मला सांगितलं का नाहीस?"

ती चाचपत राहिली. माझा हात सापडला तेव्हा धरला.

"सांगायलाच वर यायचे रं. पर तू रोज लई चिडलेला असायचास."